पान त्यांचे, पडदा आपला

घरातल्या संगणकावर फेसबुक उघडा, कागद-पेन घ्या आणि वरून पहिल्या वीस नोंदी मोजा. प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करायची: ही ओळखीच्या माणसाची आहे, आपण स्वतः निवडलेल्या पानाची आहे, जाहिरात आहे, की 'तुमच्यासाठी सुचवलेली' आहे. दहा मिनिटेही लागत नाहीत. आमच्या घरी हा हिशेब मांडला तेव्हा ओळखीच्या माणसांचा रकाना सर्वांत आखूड निघाला. दुबईतल्या मामूंच्या नातवाचा अकीका झाला, त्याचे फोटो पाहायला माणूस फेसबुक उघडतो. पाऊण तासाने उठतो तेव्हा कुणा अनोळखी बाईचे स्वयंपाकघर, दोन भांडणे आणि तीन कंपन्यांच्या कढया पाहून झालेल्या असतात. अकीक्याचे फोटो राहूनच जातात.

यात आपल्या मनाची दुर्बळता किती आणि पानाच्या मांडणीचा हात किती, हा प्रश्न घरोघरी पडतो. अम्मी मुलांना दोष देते, मुले अब्बांकडे बोट दाखवतात. आमचे मत विचाराल तर भांडण्याआधी पान कसे मांडले जाते ते समजून घ्यावे, कारण ती मांडणी बऱ्याच अंशी आपल्याला बदलता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत, संगणकाची पदवीही लागत नाही. एक्स्टेन्शन नावाची छोटी साधने लागतात, आणि ती निवडताना थोडी सावधगिरी.

फेसबुक २००४ साली सुरू झाले तेव्हा आजच्यासारखे वाहते पान नव्हते. ज्याची खबर हवी त्याच्या पानावर आपणच जायचे, पाहायचे आणि परत यायचे. सप्टेंबर २००६मध्ये 'न्यूज फीड' आला, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी एकाच पानावर आपोआप येऊ लागल्या. तेव्हा लाखो वापरणाऱ्यांनी त्याला विरोध केला होता, हे आज कुणाला खरे वाटणार नाही. त्याच वर्षी आझा रास्किन या तंत्रज्ञाने पान कधीच संपू न देणारी रचना तयार केली. खाली जावे तसे नवे येत राहते. त्याची ही रचना पुढे जगभर पसरली आणि तिच्याबद्दल त्यानेच नंतर जाहीरपणे खंत व्यक्त केली. फेब्रुवारी २००९मध्ये 'लाइक'चे बटण आले. पुढे नोंदींचा क्रम तारखेप्रमाणे राहिला नाही, तो यंत्र ठरवू लागले, आणि अलीकडे तर ज्यांच्याशी आपला काहीही संबंध नाही अशांच्या नोंदी अर्धे पान खातात. कंपनीची कमाई जाहिरातींची आहे. आपण जितका वेळ बसू तितक्या जाहिराती दिसतील, असा हा साधा व्यापार आहे. यूट्यूबचाही तोच.

आता पान आपल्यापर्यंत येते कसे ते पाहू. आपण पत्ता टाकून एन्टर दाबतो तेव्हा कंपनीकडून तयार चित्र येत नाही. येतात त्या सूचना: इथे ही ओळ लिही, तिथे तो फोटो ठेव, उजवीकडे ही पट्टी लाव, त्या पट्टीत या सहा गोष्टी दाखव. या सूचना वाचून पान मांडण्याचे काम आपल्याच संगणकावरचा ब्राउझर करतो, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी यांपैकी जो आपण वापरतो तो. मांडणीचे शेवटचे काम आपल्या घरात, आपल्या यंत्रावर होते. वर्तमानपत्र एकदा दारात पडले की त्याचे काय करायचे ते घरचे ठरवतात. कुणी खेळाचे पान आधी वाचतो, कुणी शब्दकोडे कापून घेतो, आणि दादी तेच दुसऱ्या दिवशी कपाटाच्या फळीवर अंथरते. छापखान्याचा मालक त्यावर हरकत घ्यायला येत नाही.

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम. सूचना आल्या की तो मध्ये हात घालतो: उजवीकडची पट्टी लावू नकोस, हा आकडा झाकून टाक, हा भाग काळ्या पार्श्वभूमीवर दाखव. फेसबुकच्या किंवा यूट्यूबच्या संगणकावर काहीही बदलत नाही. शेजारच्या घरी तेच पान पहिल्यासारखे दिसते. आपल्या पडद्यावर मात्र आपल्याला हवे तसे.

ही कल्पना नवी नाही. नोव्हेंबर २००४मध्ये फायरफॉक्सची पहिली पक्की आवृत्ती आली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आरॉन बूडमन यांनी 'ग्रीसमंकी' नावाच्या एक्स्टेन्शनचे काम सुरू केले. ज्याला थोडेफार प्रोग्रॅमिंग येते त्याने चार ओळी लिहाव्यात आणि कुठलेही संकेतस्थळ आपल्यापुरते बदलून घ्यावे, अशी सोय त्यात होती. क्रोममध्ये एक्स्टेन्शनची सोय २०१० साली आली आणि मग हे प्रकरण सामान्य माणसाच्या हाती पोचले.

आकडे झाकणारे एक्स्टेन्शन

सर्वांत आधी ज्याच्याबद्दल लिहावेसे वाटते ते एक्स्टेन्शन फार लोकांना माहीत नाही. त्याचे नाव 'फेसबुक डीमेट्रिकेटर'. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शिकवणारे कलावंत बेन ग्रॉसर यांनी ते २०१२ साली तयार केले. ते करते एकच गोष्ट: फेसबुकवरचे सगळे आकडे झाकते. किती जणांना आवडले, किती जणांनी मत लिहिले, किती मित्र, किती नव्या सूचना, सगळे. '४७ जणांना हे आवडले' याऐवजी नुसते 'लोकांना हे आवडले' एवढेच उरते. फोटो तोच, माणसे तीच, फक्त मोजमाप गेले.

वाचायला किरकोळ वाटेल, पण आपल्या घरांत या आकड्यांनी काय केले आहे ते आठवून पाहा. निकाहचे फोटो टाकले की रात्री झोपण्याआधी आकडा पाहायचा. खालाच्या मुलीच्या मेंदीला इतके लाइक आणि आपल्या मुलीच्या वलीम्याला इतकेच, ही बोच मनात राहते. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी शाळेच्या संमेलनातला फोटो टाकते आणि तासाभरात काढून टाकते. कारण विचारले तर सांगत नाही. फोटोत काहीच खोट नसते. आकडा वर चढला नाही, एवढेच कारण असते. भावजय-नणंदेत अबोला धरण्याइतकी ताकद या आकड्यांत आहे, कारण कुणी लाइक केले आणि कुणी मुद्दाम केले नाही तेही मोजले जाते.

ग्रॉसर यांचे म्हणणे असे की आकडा समोर असला की माणूस काय बोलावे हे आकड्याकडे पाहून ठरवू लागतो. आकडा झाकला की पुन्हा फोटोकडे आणि माणसाकडे लक्ष जाते. आठवडाभर करून पाहावे असा हा प्रयोग आहे. पहिल्या दोन दिवशी हात शिवशिवतो, आकडा कुठे गेला म्हणून नजर शोधत राहते. त्यावरूनच कळते की सवय किती खोल गेली आहे. त्यांनी अशीच साधने ट्विटर आणि इन्स्टाग्रामसाठीही केली. मात्र या एकट्या माणसाच्या साधनांना एक अडचण असते. फेसबुक आपल्या पानाची रचना वरचेवर बदलते आणि तितक्या वेळा साधन दुरुस्त करावे लागते. तेव्हा कुठलेही असे एक्स्टेन्शन घेण्याआधी ते शेवटचे कधी अद्ययावत झाले ती तारीख जरूर पाहावी.

अभ्यासाच्या टेबलावरचे यूट्यूब

दहावी-बारावीच्या घरांत खरी गरज यूट्यूबची आहे. क्लासची फी परवडत नाही आणि त्रिकोणमिती यूट्यूबवर फुकट शिकता येते, ही लहान सवलत नव्हे. तालुक्याच्या गावातल्या मुलींना, ज्यांना संध्याकाळच्या क्लासला पाठवायला घर तयार नसते, त्यांना तर यूट्यूब हाच क्लास आहे. म्हणून 'यूट्यूब बंद' हा फतवा आम्हाला पटत नाही. पण त्रिकोणमितीच्या बाजूला उभ्या पट्टीत क्रिकेट, नाटके आणि फुग्यासारखे डोळे केलेल्या माणसांची चित्रे लागलेली असतात, आणि धडा संपताच पुढचे काहीतरी आपोआप सुरू होते. मोठ्यांना जे आवरत नाही ते सोळा वर्षांच्या मुलाने आवरावे ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

यासाठी 'अनहुक' नावाचे एक्स्टेन्शन आहे. ते बसवले की एक छोटी यादी मिळते आणि त्यात एकेक बटण चालू-बंद करायचे: मुख्य पानावरच्या शिफारशी, बाजूची पट्टी, शॉर्ट्स, मतांचा रकाना, व्हिडिओच्या शेवटी येणारी चौकटी चित्रे, आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होणे. सगळे झाकले की यूट्यूब उघडल्यावर जवळजवळ कोरे पान दिसते आणि वर शोधायची पट्टी. जे हवे ते शोधायचे, पाहायचे, संपले की संपले. धडा मधोमध, आजूबाजूला काही नाही. मतांचा रकाना मात्र अभ्यासाच्या व्हिडिओंना चालू ठेवावा असे आम्हाला वाटते, कारण शिक्षकाने केलेल्या गणितातली चूक बऱ्याचदा तिथेच कुणी विद्यार्थ्याने दाखवलेली असते.

फेसबुकसाठी याच जातीचे 'न्यूज फीड इरॅडिकेटर' आहे. ते वाहते पान पूर्ण काढून त्या जागी एखादे सुवचन दाखवते. निरोप, गट, एखाद्याचे स्वतंत्र पान हे सगळे चालू राहते. मोहल्ल्याच्या किंवा शाळेच्या गटासाठी ज्यांना फेसबुकवर जावेच लागते त्यांना हे सोयीचे. सुवचने इंग्रजी असतात. ती नको असतील तर तीही बंद करता येतात.

जाहिरातींसाठी 'यूब्लॉक ओरिजिन' हे सर्वांत नावाजलेले. रेमंड हिल यांनी ते २०१४पासून चालवले आहे, फुकट आहे आणि त्याचा कोड कुणालाही तपासता येतो. त्यात पानावरचा नको असलेला कुठलाही तुकडा बोट दाखवून कायमचा झाकण्याची सोयही आहे. मात्र गूगलने क्रोममधले एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि २०२५ साली जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन क्रोममध्ये बंद पडली. क्रोमवर आता त्याची 'लाइट' ही हलकी आवृत्ती चालते. मूळ, पूर्ण ताकदीची आवृत्ती फायरफॉक्सवर चालू आहे. कुणी विचारले तर आम्ही घरच्या संगणकासाठी फायरफॉक्सच सुचवतो, त्याचे हे एक कारण. जाहिराती अडवल्याने शिकवणाऱ्या माणसाचे उत्पन्न बुडते हेही खरे आहे आणि यूट्यूबने २०२३पासून जाहिराती अडवणाऱ्यांना इशारे द्यायला सुरुवात केली. ज्या शिक्षकाकडून वर्षभर शिकलो त्याचे काही देणे लागतो, ते कसे फेडायचे हे ज्याने त्याने ठरवावे.

कंपन्यांना हे आवडत नाही

आवडण्याचे कारणही नाही. 'सोशल फिक्सर' हे मॅट क्रूझ यांचे जुने एक्स्टेन्शन. फेसबुकवरच्या नोंदी गाळायच्या, क्रम लावायचा, काही शब्द असलेल्या नोंदी दिसूच द्यायच्या नाहीत, अशा बऱ्याच सोयी त्यात होत्या. २०१३ साली फेसबुकने त्याचे पान काढून टाकले आणि त्यातल्या काही सोयी काढायला लावल्या. 'एफ. बी. प्युरिटी' नावाच्या दुसऱ्या साधनाच्या संकेतस्थळाचा दुवाच फेसबुकवर टाकता येऊ नये अशी तजवीज झाली.

सर्वांत बोलके प्रकरण २०२१चे आहे. लुई बार्कले या ब्रिटिश तरुणाने 'अनफॉलो एव्हरीथिंग' नावाचे एक्स्टेन्शन केले. फेसबुकवर एखाद्याला 'अनफॉलो' केले तर मैत्री तशीच राहते, फक्त त्याच्या नोंदी आपल्या वाहत्या पानावर येत नाहीत. हे हाताने एकेकाला करता येते. बार्कले यांचे साधन ते सगळ्यांसाठी एका फटक्यात करायचे. मग वाहते पान कोरे पडायचे आणि ज्याची खबर हवी त्याच्या पानावर आपण जायचे. म्हणजे २००६च्या आधीचे फेसबुक. स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल विद्यापीठातले संशोधक या साधनाच्या मदतीने वाहत्या पानाचा माणसाच्या मनावर होणारा परिणाम अभ्यासत होते. फेसबुकच्या वकिलांची नोटीस आली. बार्कले यांची फेसबुक आणि इन्स्टाग्रामची खाती कायमची बंद झाली आणि फेसबुकशी संबंध येईल असे साधन पुन्हा कधी करू नये अशी ताकीद मिळाली. त्यांनी साधन मागे घेतले.

मे २०२४मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले प्राध्यापक इथन झुकरमन यांनी तसेच साधन नव्याने करायचे ठरवले आणि या वेळी आधीच न्यायालयात जाऊन मेटा कंपनीविरुद्ध दावा लावला. नको असलेला मजकूर गाळणारी साधने करणाऱ्यांना अमेरिकेचा कायदाच संरक्षण देतो, असे जाहीर करून द्या, ही त्यांची मागणी. नोव्हेंबर २०२४मध्ये न्यायालयाने दावा काढून टाकला. साधन अजून तयारच झालेले नाही, तयार झाल्यावर पुन्हा येता येईल, असा त्याचा मतलब. मूळ प्रश्नाचे उत्तर लागलेले नाही.

यातून आपल्या कामाचा एक फरक ध्यानात घ्यावा. काही एक्स्टेन्शन फक्त झाकतात: पान आले, त्यातला भाग दाखवला नाही, संपले. काही मात्र आपल्या नावाने बटणे दाबतात: शेकडो लोकांना अनफॉलो करतात, जुन्या नोंदी पुसतात, निरोप पाठवतात. बार्कले यांचे साधन दुसऱ्या जातीचे होते. कंपनीच्या अटींमध्ये यंत्राने बटणे दाबायला मनाई असते, आणि त्याबद्दल खाते बंद होऊ शकते. खात्यात दहा वर्षांचे फोटो असतील, धंद्याचे पान असेल, तर ही जोखीम घेऊ नये. घरासाठी झाकणारी एक्स्टेन्शन पुरेशी आहेत.

किल्ली कुणाच्या हातात

इथपर्यंत वाचून कुणी आजच दहा-बारा एक्स्टेन्शन बसवायला निघाले असेल तर जरा थांबावे. पानात हात घालायचा तर पान वाचावे लागते. म्हणजे जे एक्स्टेन्शन फेसबुकची पट्टी झाकते त्याला फेसबुकवरचा मजकूरही दिसतो. आणि त्याला सगळ्या संकेतस्थळांची परवानगी दिली असेल तर बँकेचे पान, डॉक्टरांना लिहिलेला मेल, मुलीच्या स्थळासाठी पाहिलेले विवाह संकेतस्थळ, सगळेच दिसते.

ही नुसती भीती नाही. 'स्टायलिश' हे संकेतस्थळांचे रंग-रूप बदलणारे अत्यंत लोकप्रिय एक्स्टेन्शन होते. फेसबुक काळ्या पार्श्वभूमीवर दिसावे म्हणून अनेकांनी ते घेतले होते. मूळ माणसाने ते दुसऱ्याकडे सोपवले, पुढे ते आकडेवारी विकणाऱ्या कंपनीच्या हाती गेले. जुलै २०१८मध्ये रॉबर्ट हीटन या अभियंत्याने दाखवून दिले की वापरणारा ज्या ज्या पानावर जातो त्याची पूर्ण नोंद ते एक्स्टेन्शन कंपनीकडे पाठवते. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ते आपल्या यादीतून काढले. 'द ग्रेट सस्पेंडर' या एक्स्टेन्शनचेही असेच झाले. २०२० साली ते अनोळखी हाती विकले गेले आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केले. दोन्ही साधने सुरुवातीला चांगलीच होती. बसवताना कुणी कितीही चौकशी केली असती तरी खोट सापडली नसती. मालक बदलला, आणि नवी आवृत्ती आपोआप घराघरांत उतरली.

म्हणून आमचा रिवाज असा. एक्स्टेन्शन कमीत कमी ठेवायची. आमच्या संगणकावर तीनच आहेत. ती क्रोम किंवा फायरफॉक्सच्या अधिकृत दुकानातूनच घ्यायची, व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून कधीच नाही. बसवताना परवानगीची चौकट येते, ती वाचायची. 'युट्यूबवरील डेटा वाचणे आणि बदलणे' एवढेच लिहिले असेल तर ठीक. यूट्यूबची पट्टी झाकणारे साधन 'सर्व संकेतस्थळांवरील डेटा' मागत असेल तर त्याला नाही म्हणायचे. जाहिरात अडवणाऱ्याला मात्र सगळीकडची परवानगी लागतेच, म्हणून तिथे नावाजलेलेच घ्यायचे. फायरफॉक्सच्या दुकानात काही एक्स्टेन्शनवर 'रेकमेंडेड' अशी खूण असते. ती फायरफॉक्सच्या माणसांनी तपासलेली असतात.

क्रोममध्ये दिलेली परवानगी नंतर आवळताही येते. वर उजवीकडे कोड्याच्या तुकड्यासारखे चिन्ह असते, तिथून 'मॅनेज एक्स्टेन्शन्स', मग त्या एक्स्टेन्शनचे 'डिटेल्स', आणि तिथे 'साइट ॲक्सेस'. त्यात 'ऑन ऑल साइट्स' ऐवजी 'ऑन स्पेसिफिक साइट्स' निवडून फक्त फेसबुकचा पत्ता घालायचा. दोन मिनिटांचे हे काम बहुतेक लोक करत नाहीत.

याहून चांगला उपाय म्हणजे ब्राउझरमध्ये निरनिराळी प्रोफाइल करणे. क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारली की नवे प्रोफाइल करता येते आणि प्रत्येकाची एक्स्टेन्शन वेगळी राहतात. एक प्रोफाइल बँक, आधार आणि सरकारी कामांचे. त्यात एकही एक्स्टेन्शन नाही. एक मुलांच्या अभ्यासाचे, त्यात अनहुक. एक अब्बांचे, त्यात त्यांना जे हवे ते. एकच संगणक सगळ्या घराने वापरायचा असतो अशा घरांत याने बरीच कटकट मिटते, आणि अब्बांच्या आवडीनिवडीवरून मुलांना शिफारशी येणेही थांबते.

मुलांच्या बाबतीत एक सांगायला हवे. एक्स्टेन्शन म्हणजे कुलूप नव्हे. मुलाने ठरवले तर ते एका टिचकीत बंद करता येते, आणि 'इन्कॉग्निटो' खिडकीत तर ती मुळातच बंद असतात. म्हणून चोरून बसवण्यात अर्थ नाही. मुलाला शेजारी बसवून, काय झाकायचे आणि काय ठेवायचे हे त्यालाच निवडू दिले तर ते टिकते. आमच्या पाहण्यात मुले स्वतः मोठ्यांपेक्षा जास्त झाकतात. शॉर्ट्सचा त्रास त्यांना आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो.

मोबाईलचे काय?

हा प्रश्न येणारच, कारण बहुतेक घरांत संगणक नाही, मोबाईल आहे. मोबाईलमधल्या फेसबुक किंवा यूट्यूबच्या ॲपवर एक्स्टेन्शन चालत नाही. ॲप हे कंपनीचे स्वतःचे बंद घर आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्येही ती सोय नाही. पण अँड्रॉइडसाठीच्या फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३पासून शेकडो एक्स्टेन्शन खुली झाली आहेत. तिथे यूब्लॉक ओरिजिन बसवायचे, ॲप काढून टाकायचे आणि फेसबुक-यूट्यूब फायरफॉक्समध्येच उघडायचे. आयफोनवर सफारीला २०२१पासून एक्स्टेन्शन जोडता येतात. ब्राउझरमधले फेसबुक ॲपपेक्षा थोडे संथ आणि अडखळत चालते. आमच्या मते ते बरेच आहे.

ज्यांना एक्स्टेन्शनच नको त्यांच्यासाठी दोन गोष्टी सेटिंगमध्येच आहेत. यूट्यूबची 'वॉच हिस्टरी' बंद करून जुनी पुसून टाकली तर ऑगस्ट २०२३पासून मुख्य पानावरच्या शिफारशीच येत नाहीत, पान रिकामे राहते. हे मोबाईलच्या ॲपवरही चालते. फेसबुकमध्ये 'फीड्स' नावाचा वेगळा कप्पा आहे. त्यात आपल्या माणसांच्या आणि आपण निवडलेल्या पानांच्या नोंदी तारखेच्या क्रमाने दिसतात, 'सुचवलेल्या' नोंदी तिथे नसतात. तो मेनूच्या यादीत आत दडवलेला आहे आणि दर वेळी तिथे जावे लागते, कारण फेसबुक उघडताना आधी नेहमीचेच पान येते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. एखाद्या सकाळी फेसबुक उघडाल आणि झाकलेले सगळे पुन्हा समोर दिसेल. घाबरू नका, मुलांवर संशयही घेऊ नका. कंपनीने पानाची रचना बदललेली असते आणि एक्स्टेन्शनला आपली जागा सापडत नसते. दोन-चार दिवस थांबले की नवी आवृत्ती येते आणि पुन्हा सुरळीत होते. महिना झाला तरी आली नाही, तर करणाऱ्याने काम सोडले असे समजावे, एक्स्टेन्शन काढून टाकावे आणि दुसरे शोधावे. सोडून दिलेले एक्स्टेन्शन संगणकावर पडून राहू देऊ नये. उद्या ते कुणी विकत घेतले तर जुनी परवानगी तशीच चालू असते.